तारखेपुरता फोन

आमच्या दाजींना फोनवर बोलताना ऐकायला हवं होतं तुम्ही. रिसिव्हर तोंडाशी धरून असे ओरडायचे की मुंबईला तारेशिवायही ऐकू गेलं असतं. मी कितीदा म्हटलं, "दाजीनू, हळू बोला, माझी गिऱ्हाईकां चाय सांडतत." ऐकतील तर शपथ!

मी दत्ताराम. मसुऱ्याच्या अलीकडे आमची वाडी, तिठ्यावर माझं चहाचं हॉटेल आणि त्याच्या भिंतीला लागून दाजींचा एस.टी.डी. बूथ. वाडीतला पहिला फोन त्यांचा. कुणाला मुलगा झाला, कुणाची सोयरीक जुळली, कुणी गेलं, सगळं आधी दाजींच्या कानावर. मग हा माणूस चपला न घालता उन्हातून निरोप सांगायला धावणार. पुढे मोबाइल आले तसा धंदा बसला, पण आमच्याकडे रेंज नवसानेच मिळायची. त्यातून जत्रा जवळ आली की दाजींना जेवायला फुरसत नसे. कारण आमच्या देवीची जत्रा तिथीवर नसते. देवळात कौल लावतात, देवीने उजवा, म्हणजे होकार, दिला की तारीख ठरते. मग मुंबईचा प्रत्येक चाकरमानी रजा टाकण्याआधी दाजींचाच नंबर फिरवायचा.

त्यात एक फोन त्यांच्या मुलाचा, नितेशचा असायचा.

दाजींची बायको आनंदीबाई तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा नितेश मुंबईत नुकता नोकरीला लागला होता. ताप काय, उतरेल, पोराला कशाला धावडवा, म्हणून दाजींनी त्याला फोन करणं लांबवलं. ती उठलीच नाही. नितेश पोचला तेव्हा चिता विझली होती. सगळ्यांसमोर घरापुढच्या खळ्यात उभा राहून तो म्हणाला, "बाबा, सगळ्या वाडीचे निरोप धावत दिलात. माझोच तेवढो रवलो." त्यानंतर तो घराची पायरी चढला नाही. जत्रेला यायचा, आईच्या नावाने देवीची ओटी भरायचा आणि देवळातूनच परस्पर मिठबावला मामाकडे जायचा. बापाशी बोलणं वर्षातून एकदा, फोनवर. "जत्रा कधी आसा?" दाजी तारीख सांगायचे. "बरां," की फोन बंद. त्या एवढ्याशा बोलण्यासाठी दाजी कौलाच्या दिवशी धुतलेला सदरा घालून बूथवर बसायचे.

आता माझी मुलगी आरोही. कुडाळला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. दोन हजार नऊच्या दिवाळीत ती घरी आली ती प्रोजेक्ट घेऊनच. मुंबईच्या मंडळाने वाडीची एक वेबसाइट कधीतरी करून ठेवली होती. उघडली की आरती आपोआप वाजायची, समई लुकलुकायची, अक्षरं पडद्यावरून पळायची आणि तारीख असायची कधीच्या तरी जुन्या जत्रेची. ही ती नव्याने करणार. मी म्हटलं, "मग कर गो, वाट कोणाची बघतंस?" तर म्हणे, "बाबा, सर म्हणतत आधी माणसांका इचारूचा, मगे पानां काढूची."

झालं! माझं हॉटेल तिची शाळा झालं. कागदावर वेबसाइटची पानं काढायची, चहा पिणाऱ्यासमोर ठेवायची आणि सांगायचं, "काका, तारीख बघूची आसा, खंय बोट लावशात?" जो तो समईवर बोट ठेवायचा. गंगारामने तर कागदाला नमस्कार केला आणि भजी मागवली. पण पोरगी चिकट. मुंबईच्या लोकांनाही बूथवरून फोन लावून विचारलं. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. साइटवर तारीख मिळत नाही, मग दाजींना त्रास द्यावा लागतो.

पहिला टप्पा सरांना दाखवायच्या आधी तिने नवं पान दाजींसमोर ठेवलं. वर ठळक चौकट, त्यात जत्रेची तारीख. "दाजीकाका, आता तुमका सुखान जेवूक मेळतला."

दाजींनी चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाय, बाकी सगळां घाल. तारीख घालू नको."

मला राग आला. माझ्या नाकावरच असतो तो. पोर गेली तशी मी फटकारलं, "दाजीनू, फोन काय तुमच्या बापजाद्यांचो? गावाचा काम आसा ह्या!"

त्यांनी मान खाली घातली. "दत्ताराम, तारीख थंय गावली तर नितेश माका फोन कित्याक करतलो?"

घरी जाऊन आरोहीला सांगितलं. ती दोन घास जेवली न जेवली आणि उठली. दुसऱ्या दिवशी बूथवरूनच तिने नितेशला फोन लावला, दाजी आंघोळीला गेलेले बघून. बाहेर आली ती डोळे पुसत. "तारीख घालूची," म्हणाली. मी खवळलो, "अगो, म्हाताऱ्याच्या जिवाशी खेळतंस?" तर उलट मलाच म्हणते, "बाबा, माका विश्वासान सांगितलेला मी दुसऱ्याक सांगूचंय नाय. सरांची अट आसा." मोठी आली अटवाली! दाजींकडे मात्र ती स्वतः गेली, त्यांच्या पायाशी बसली. काय बोलली देव जाणे. दाजी एवढंच म्हणाले, "घाल बाय. गाव आसा, मी एकटो काय."

नवीन वर्षात कौल झाला. देवीने उजवा दिला, आरोहीने कुडाळहून तारीख चढवली. दाजी धुतलेला सदरा घालून बूथवर बसले. दरवर्षी खणखणणारा फोन मुका. सकाळ गेली, ऊन चढलं. मी चहा नेऊन ठेवला, तो निवला. दुसरा नेला. "नको रे," म्हणाले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि पोरीचा असा संताप आला होता मला!

उन्हं कलली आणि फोन वाजला. दाजींनी रिसिव्हर उचलला. "हॅलो," हळूच म्हणाले, जन्मात पहिल्यांदा. त्या जुन्या फोनमधला आवाज बाहेरही ऐकू यायचा. पलीकडे नितेश होता.

तो म्हणाला, "बाबा, तारीख बघलंय मी. तुमी कशे आसात?"

जन्मभर लोकांनी त्या फोनवर दाजींना दुसऱ्यांची खुशाली विचारली. त्यांची कुणी विचारली नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि सवयीने जे यायचं तेच तोंडात आलं.

"अठरा फेब्रुवारी, बेस्तरवार."

"तां माका ठावक आसा," नितेश म्हणाला. "तुमी कशे आसात, तां सांगा."