सगळे डावेच पाय

मास्तर कापड डोळ्यांनी बघायचेच नाहीत. टेबलावर जीन्सच्या कापडाचे साठ थर पसरले की वरून तळवा फिरवायचे आणि सांगायचे, "मधे कुठंतरी चुणी आहे. काढा." कारीगर कुरकुरत थर उचलायचे. चुणी निघायचीच.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या आमच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. मी हिंगोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. लग्न होऊन इकडे आले आणि तयार पँटींचे धागे कापायला बसले. मास्तरांनी मला त्या ढिगातून उठवून टेबलाशी उभं केलं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए हिंगोली, टेप उलटा धरलास. कंबर मोजतेस का माझं नशीब?" असं चारचौघांत बोलायचे, पण दुसरं कुणी मला हसलं तर मशीन बंद करून त्याच्याकडे नुसतं बघत राहायचे. पाव इंच, अर्धा इंच मला जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच शिकवला. आज माझं घर त्यावर चालतं.

रक्तदाबाची गोळी ते कटिंगच्या दिवशी घ्यायचे नाहीत. "गोळीनं हात जड होतो. आणि कापड एकदा कापलं की त्याला माफी नाही." कटिंग तर रोजच असायचं.

एका सकाळी चहा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर सांडला. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द बोबडे. मी सेठना बोलवायला निघाले तर मास्तरांनी मनगट धरलं. तासाभरात सगळं जागेवर आलं. "वारं लागलं असेल. लेकीला कळलं तर घरी बसवेल मला. माझी शपथ आहे तुला, हिंगोली." त्यांचीच शपथ. मी मोडणार कशी?

पुढं मास्तर कमी होत गेले. महिना-दोन महिने तसेच असायचे, मग एखाद्या दिवशी काहीतरी गेलेलं असायचं. आधी कारीगरांची नावं गेली, मग डावा पाय घासायला लागला. मी लवकर येऊन कापडावर पुठ्ठ्याचे फर्मे मांडून ठेवायचे, खडूनं रेघा ओढून द्यायचे. एक दिवस मला उशीर झाला. पँटचा फर्मा एकदा सरळ ठेवायचा आणि एकदा उलटा, तेव्हा डावा आणि उजवा असे दोन पाय निघतात. मास्तरांनी तो दोन्ही वेळा सरळच ठेवला. साठ थरांतून नुसते डावे पाय.

सेठ ओरडत आले, "दो लेफ्ट पैर वाला कस्टमर किधर से लाऊँ मैं?"

"फर्मा मी ठेवला होता, सेठ," मी म्हटलं.

मास्तरांना ते खरंच वाटलं. "एवढं शिकवलं, हिंगोली, आणि हे?" असं म्हणून ते माझ्यासाठी सेठपुढं हात जोडून उभे राहिले.

पावसाळ्यानंतर ते शहाड स्टेशनबाहेर बसलेले सापडले. अंबरनाथला, स्वतःच्या घरी, कसं जायचं ते आठवेना. लेकीनं दवाखान्यात नेलं, मीही गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या बारीक नसा बंद होत आल्यात, रक्त पोचत नाही. "पहिला झटका कधी आला होता?"

"झटका? कधीच नाही," लेक म्हणाली.

"दिवाळीच्या आधी," मी म्हटलं. "तोंड वाकडं झालं होतं."

"या दिवाळीच्या?"

"नाही. त्याच्या आदल्या."

डॉक्टर म्हणाले, तेव्हाच औषध चालू झालं असतं तर पुढचं बरंचसं थोपवता आलं असतं. गेलेलं आता येणार नाही. लेकीनं माझ्याकडे बघितलं.

तिनं मास्तरांना वांगणीला आपल्या घरी नेलं. मी दर रविवारी जायचे. ते मला ओळखायचे नाहीत, पण माझा हात हातात धरून ठेवायचे. लेक चहा द्यायची, समोर बसायची नाही. मागच्या खेपेला दारापर्यंत आली. म्हणाली, "ताई, आता येत नका जाऊ. तुम्ही गेलात की ते दिवसभर उंबऱ्यावर बसून राहतात."

खरं असेल. किंवा तिला मी डोळ्यांपुढं नको असेन. विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि रविवारी मी घरीच थांबले.