दादाच्या जीपचा एक्सल

सुनंदा वहिनी आज पहाटे गेल्या.

सकाळपासून फोन येतायत. निम्मे लोक सांत्वन करतात आणि निम्मे हळूच विचारतात, "त्यांची ती फोर-व्हील ड्राइव्ह व्हॅन अजून चालते का हो?"

चालते.

२००० च्या आसपासची गोष्ट. आमचा दादा, म्हणजे वहिनींचा नवरा, घाटात जीप उलटून गेला. वहिनी घरात बसल्या नाहीत. आमच्या डिंगोऱ्याच्या वरच्या वाड्यांवरून दूध आणायचा डेअरीचा रूट घेतला. जुनी व्हॅन, स्वतः चालवायच्या.

पावसाळ्यात व्हॅन रुतायची आणि दूध नासायचं. डेअरीवाल्यांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या पावसात गाडी वर चढली नाही तर रूट दुसऱ्याला.

वहिनी म्हणाल्या, "चारी चाकं ओढतील अशी करू."

गाव हसलं. हसू दे.

नारायणगावात एका मोडक्या जीपचा पुढचा एक्सल आणि गिअरबॉक्स मिळाला. मागचा तुटलेला होता. मग मागचा एक्सल मी भंगारातून शोधून आणला. ट्रकसारखा जाडजूड. मी जाम खूश.

वहिनींनी दोन्ही एक्सल ठोकळ्यांवर ठेवले, चाकांवर खडूने खुणा केल्या आणि दोन्हींचे शाफ्ट हाताने सारखेच फिरवत बसल्या. पुढच्या चाकाचा फेरा पुरा व्हायच्या आत मागचं चाक पुढे निघून जायचं.

"भावजी, ह्यो न्हाई चालायचा. पुढचं-मागचं भांडत बसतील. गिअरबॉक्स फुटंल."

"पण लई दणकट हाये की, वहिनी!"

"दणकट तर आत्याबाईबी हायेत. त्यांना लावू का गाडीखाली?"

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, माझी आई.

जुळणारा एक्सल कुठे आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गोठ्यामागे. दादाच्या जीपला.

त्या जीपवर ताडपत्री टाकलेली होती. आमच्याकडे माणूस घेतलेल्या गाडीचा नटसुद्धा दुसऱ्या गाडीला लावत नाहीत.

वहिनींनी ताडपत्री ओढली, तशी आई धावत आली. "माझा लेक खाल्ला तिनं! आता तुलाबी खायाला द्यू का?"

"आत्याबाई, दरड कोसळली व्हती. एक्सलनं काय केलं? ही गाडी हितं गंजतीया. मीबी हिच्याशेजारी गंजत बसू का?"

आई आत निघून गेली. पुढे कितीतरी दिवस बोलली नाही.

वहिनींनी एक्सल काढला. वाकलाय का ते दोरी ताणून पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण दोरी हलू दिली नाही. एक्सल सरळ निघाला. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्डिंग करून तो व्हॅनखाली बसवला. असं काळीज मला उभ्या जन्मात जमलं नसतं.

आषाढात पहिल्यांदा वर जायचं ठरलं. चाकांखाली लिंबं ठेवली, गाडी सुरू झाली. तेवढ्यात आई पदर खोचून आली आणि वहिनींच्या शेजारी बसली. मी मागे दुधाच्या कॅनांच्या गर्दीत.

घाटात, दादा गेला त्या वळणावर, वहिनींचा पाय ब्रेकवर गेला.

आई म्हणाली, "थांबू नको, पोरी. माझा लेक मागनं ढकलतोय. तू फुडं बघ."

गाडी चढली. रूट शेवटपर्यंत वहिनींचाच राहिला.

वहिनी, आज दुपारी तुम्हाला नदीवर याच गाडीतून नेलं. चालवायला मी होतो. चिखल फार होता, पण कुठेही थांबलो नाही.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.