आधी घासायचं, मग वजन

सासूबाईंचं लग्न बारावीच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात लागलं, आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. नातवंडं मोठी झाल्यावर त्यांनी बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं, तेही सायन्सलाच. सासऱ्यांनी विचारलं, "आता काय घरात बॉम्ब बनवणार?"

"बनवला तर आधी तुमच्या खुर्चीखाली ठेवीन."

मी कोपरखैरण्याला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. पुढच्या लेखी पेपरांची आईंना काळजी नव्हती. धास्ती होती ती प्रॅक्टिकलची. म्हणून परवानगी काढून शनिवारी त्यांना आमच्या रिकाम्या लॅबमध्ये नेलं. साडीवर माझा जुना एप्रन, डोळ्यांवर गॉगल.

प्रयोग होता मॅग्नेशियमचं इक्विव्हॅलंट वेट काढायचा. पट्टीचा तुकडा वजन करून आम्लात टाकायचा, सुटलेला हायड्रोजन नळीत गोळा करून मोजायचा. एक ग्रॅम हायड्रोजन सोडायला किती ग्रॅम धातू लागेल, ते त्यावरून काढायचं. उत्तर बाराच्या आसपास यायला हवं. आईंचं साडेचौदा आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच.

"मुलं काय करतात," मी म्हटलं, "बारा धरून उलटं गणित मांडतात."

"म्हणजे एवढी वर्षं थांबून मी खोटं लिहू?" त्यांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला. "मी नाही जात सोमवारी. ह्यांना सांग, बॉम्ब फुसका निघाला."

आवाज चेष्टेचा होता, पण त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, एकदाच करा, मी नुसती बघते. इतका वेळ मी शेजारच्या टेबलावर जर्नल तपासत होते.

त्यांनी तुकडा वजन केला, आकडा लिहिला, मग पॉलिश पेपर घेतला आणि तुकडा दोन्ही बाजूंनी चकचकीत घासला. देवाची तांब्याची भांडी आदल्या दिवशी घासलेली असली तरी पूजेला बसताना त्या पुन्हा घासतात, अगदी तस्संच.

"आई, वजन झाल्यावर का घासता?"

"मग काळपट तसाच टाकू?"

"आधी घासा, मग वजन करा. पेपरावर गेलं त्याचंही वजन आपण धरतोय, आणि वायू येतोय फक्त उरलेल्याचा."

त्यांनी घासलेला तुकडा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "बघत काय बसलीस? नवीन तुकडा दे."

सोमवारी परीक्षा नावड्याजवळच्या केंद्रावर होती. मी बाहेर स्कूटरवर बसून राहिले. त्या बाहेर आल्या तेव्हा बोटांची टोकं पॉलिश पेपरने करडी झाली होती. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"राहू दे. ह्यांना दाखवायचीत."

घरी सासरे दारातच उभे होते. आईंनी दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले.

"पास?"

"निकाल लागेल तेव्हा कळेल. बारा पूर्णांक दोन आलं."

"किती यायला हवं होतं?"

"बारा."

"मग जास्तच मिळवलेस की," सासरे म्हणाले, आणि त्यांचे हात हातात घेऊन चष्मा वर करून एकेक बोट बघत बसले. आईंनी चूक दुरुस्त केली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.