पाण्याच्या वेळेला

बाबा गणपतीनंतर गेले आणि दिवाळी झाल्यावर एके संध्याकाळी आई मला म्हणाली, "तुजा बापूस येतो गो. पान्याच्या टायमाला."

मी तेव्हा रोह्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. कासूहून गाडी धरायची, लाटा, उष्णता आणि सर्किट शिकायची आणि खाडीकाठच्या आमच्या घरी परतायचे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि तो नाही हे चारचौघांत सांगायची मला भारी हौस. आईला मी हसलेसुद्धा. माझा हात धरून तिने अंगणातल्या लोखंडी नळावर ठेवला.

बोटांतून काहीतरी सरकत कोपरापर्यंत आले. बारीक, एकसारखी थरथर. मी हात झटकला. आईने आपला तसाच ठेवला होता, डोळे मिटून. मिठागरावरून आले की बाबा याच वेळी याच नळावर हातपाय धुवायचे. आमच्याकडे पाणी संध्याकाळी तासभरच येते. उरलेला दिवसभर तो नळ अगदी मुका असायचा.

खरे सांगते, मी टरकले. दुसऱ्या दिवशी वर्गात सर लाटांवर बोलत होते. माध्यम जागच्या जागी राहते, पुढे जाते ती फक्त ऊर्जा. बाकीच्यांनी ते वहीत उतरवले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

लाटा झाल्या, उष्णता झाली. तोवर आईचा हात नळावर जास्त जास्त वेळ राहू लागला. आधी क्षणभर, मग हंडा भरेपर्यंत, मग पाणी जाईपर्यंत. मी मागून हाक मारली तरी तिला ऐकू जायचे नाही. मी घरात बसून तिची पाठ बघत राहायचे आणि नळाकडे जायचे टाळायचे.

मग सर्किट सुरू झाली. सरांनी फळ्यावर अर्थिंगची खूण काढली, एकाखाली एक तीन आडव्या रेघा. मीही काढल्या आणि माझे पेन तिथेच थांबले.

दिवाळीच्या सुट्टीत पाणी ओढायची मोटर पेणच्या बाजारातून आणून मीच बसवली होती. शिकलेल्या मुलीची ऐट! आमच्या खाऱ्या जमिनीत पुरलेले लोखंड दोन पावसाळेही काढत नाही, म्हणून गावात सगळे अर्थिंगची वायर नळाच्या पाइपालाच गुंडाळतात. मीही गुंडाळली. पण आमचा जमिनीखालचा गंजलेला पाइप काढून बाबांनी आदल्या वर्षी प्लॅस्टिकचा टाकला होता. दुसरे टोक धरायला मीच होते. आमचा नळ जमिनीला कुठे टेकतच नव्हता. वहीत तीन रेघा मारल्या की जमीन मिळते, अंगणात मिळत नाही.

लॅबमधला मीटर मागून आणला. पाणी आल्यावर मोटर लावली, मीटरचे एक टोक नळाला धरले, दुसरे ओल्या मातीत खुपसले. शंभर व्होल्टच्या वर. आणि आई रोज तिथे अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहत होती.

मी धावत जाऊन मोटरीची पिन उपटली. मग तिला सगळे सांगितले. मोटरीत ओल शिरलीये, करंट नळात उतरतोय, चूक माझी आहे. बोलता बोलता मलाच वाटले की मी हिचा नवरा दुसऱ्यांदा नेतेय, आणि मला रडू फुटले.

"रडतंस कशाला? करंट हाय ते मना ठावं व्हतं," आई म्हणाली. "मोटर लावली त्या दिसापासून. तू लावलीस, तुला वाईट वाटंल म्हून बोलले नाय."

"मग हात का लावायचीस?"

मोटर बंद झाली तरी नळाची बारीक धार चालूच होती. खाली हंडा भरून वाहत होता, तिने तो सरकवला नाही.

"तुमच्या कालेजात शिकवत असतील ना गो," तिने हळूच विचारले, "मानूस जायाला केवढा करंट लागतो?"

आकडा मला पाठ होता. मी तिला खोटा सांगितला, खूप मोठा. त्यानंतर कितीतरी दिवस मी रोह्याची गाडी धरली नाही.