डोळे मिटून मारलेली टीप

शिंपीमास्तरांनी एकदा फुशारकीने डोळे मिटून पँटला सरळ टीप मारली. गिऱ्हाइकाने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला. तो गावभर फिरला तेव्हा खाली लिहिलं होतं, ‘दृष्टी गेली, तरी शिवतात!’

लोकांनी तोंडभर कौतुक केलं आणि आपापली कापडं परत न्यायला आले.

“अहो काकू, मला लख्ख दिसतंय. तुमच्या बाहीची शिलाई उसवलीय बघा.”

“न बघता ओळखलंत! कमाल आहे हो तुमची,” काकू हळहळल्या आणि कापड घेऊन गेल्या.

संध्याकाळपर्यंत दुकानातली फळी रिकामी झाली. मास्तर कपाळाला हात लावून बसले.

“खरं सांगून झालं ना? आता गप्प बसा,” बायको म्हणाली. तिने सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवला, ‘ऑपरेशन झालं. मास्तरांना दिसायला लागलं.’

सकाळी दुकानासमोर रांग लागली. काकू सगळ्यांत पुढे.

“मास्तर, डॉक्टर कोण हो? आमच्या ह्यांनाही दाखवायचंय.”

मास्तरांना राहवेना. “काकू, ऑपरेशन झालंच नाही.”

“नसेल सांगायचं तर राहू द्या!” काकू फणकारल्या. कापड मात्र ठेवून गेल्या.