पायांची खबर

त्या दुष्काळात कोपरगावला गोदावरीचं पात्र उघडं पडलं होतं. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आधी तळपायांना मुंग्या आल्या, मग ते बधिर झाले. चप्पल पायात आहे की वाटेत गळून पडली, हे खाली बघितल्याशिवाय कळेना. चालताना झोक जायचा. शाळेत पालक कुजबुजू लागले, बाई पिऊन येतात म्हणून. हेडमास्तर नजर चुकवत म्हणाले, "काही दिवस रजाच घ्या."

गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. चेहऱ्यावर तजेला आला, पाय मात्र बिघडतच गेले. एका सकाळी तोंड धुताना डोळे मिटले आणि मी न्हाणीतच कोसळले.

सासूबाई म्हणाल्या, "ह्ये बाहेरचं हाय. देवरुषाकडं न्यायला पायजे."

आमचे मालक साखर कारखान्यात फिटर होते. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. मला बसवत नव्हतं. बसले तर उठता येणार नाही, अशी धास्ती वाटायची. भिंत धरून नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. शेवटी मीच पिशवी भरली.

"तुम्ही येत नसाल तर मी एकटी नगरला जाते."

ते कामावरच्या कपड्यांतच माझ्यामागे एस.टी. स्टँडवर आले.

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी जीभ पाहिली, खाण्याचं विचारलं. आमचं घर माळकरी. अंडं-मटण नाही, दूध मला सोसत नव्हतं. त्यांनी घोट्यावर एक थरथरतं लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेकवलं. मला काहीच जाणवलं नाही.

"आता उभ्या राहा आणि डोळे मिटा."

मी मिटले, तशी कलंडले. मालकांनी धरलं.

"डोकं शाबूत आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "पण पायांची खबर वर पोचत नाही. तुम्ही डोळ्यांच्या भरवशावर उभ्या आहात. अंडं-दुधातून मिळणारं एक जीवनसत्त्व अंगात संपलंय. त्या गोळ्यांनी रक्त सुधारलं, मज्जातंतू नाही सुधारले."

"बरी होईन?"

"बरंच परत येईल. सगळं येईलच, असं सांगत नाही. उशीर झालाय."

मला दाखल करून घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली, लालभडक औषधाची. रोज वॉर्डातल्या फरशीच्या रेघेवरून चालायचं. मालक दोन्ही हात पसरून मागे. मला घाई झाली होती. पाय ऐकत नव्हते. एकदा चिडून मी त्यांचे हात झटकले आणि पडले. त्यांनी उचलून पुन्हा रेघेवर उभं केलं.

घरी आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी अंडं खायला सांगितल्याचं मालकांनी सासूबाईंना भीतभीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंगणात तीन दगड मांडून, नाकाला पदर लावून, त्या स्वतः अंडं उकडत होत्या.

"औशद हाय, खा," त्या म्हणाल्या. "पर भांडं घरात आणू नगंस."

पुढच्या वर्षी मी वर्गावर रुजू झाले. चाल अजून फाकलेलीच आहे, अंधारात भिंत लागते. सुई महिन्याला चालूच आहे. पालकांच्या मनातलं पुरतं गेलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही.