वत्सलाबाईचे हात घरोघर

बीडच्या राधाकिशन पेंटरच्या दुकानात माणसं उलटी घडायची. आधी अंग, मग तोंड. पावसाळ्यात धंदा बसला की हाताखालचा कारागीर शहादेव बिनडोक्याची माणसं रंगवून ठेवायचा. पांढऱ्या नेहरूशर्टातले पाटील, कोटातले चेअरमन, मांडीवर हात ठेवून बसलेल्या हिरव्या लुगड्यातल्या बाया, सगळ्या भिंतीला ओळीनं टेकवलेल्या. मग तलवाड्याहून, लिंबागणेशहून कुणी गेलेल्या वडिलांचा नाहीतर आजीचा फोटो घेऊन आलं, की मापाचं अंग निवडायचं आणि त्यावर राधाकिशन मास्तरांनी तेलरंगात चेहरा काढायचा. चेहरा फक्त मास्तरांचा, सहीही त्यांचीच. गिऱ्हाईक पैसे देतं ते मास्तरांच्या हाताचे, हे सव्वीस वर्षांत शहादेवच्या अंगी मुरलं होतं. "मी धडाचा माणूस," असं तो स्वतःच हसून सांगायचा.

मास्तरांचा आणखी एक नियम होता. मयताला थोडं गोरं करायचं, गाल भरायचे, देवीचे व्रण पुसायचे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, यावरच तर सगळा धंदा उभा. कुणी कधी तक्रार केली नाही.

बायांच्या अंगाला हात हवे होते, तेव्हा शहादेवनं बायकोला, वत्सलाला, शिरूर कासारहून आणून दुकानात खुर्चीवर बसवलं होतं. ती लाजून सारखी हात पदराखाली घ्यायची. ते हात त्यानं गोरे केले, त्यात सोन्याच्या पाटल्या भरल्या आणि तेव्हापासून प्रत्येक बाईला तेच हात दिले. जिल्ह्यातल्या किती दिवाणखान्यांत भल्या घरच्या बायांच्या तोंडाखाली वत्सलाचे हात आहेत, कुणास ठाऊक! खुद्द तिच्या मनगटात काचेच्या बांगड्यांपलीकडे काही गेलं नाही.

मागच्या साली वत्सला काविळीनं गेली. शहादेव रडला नाही. लोक म्हणाले, बापडा मोठ्या धीराचा. धीर कसला आलाय! त्याला काही वाटतच नव्हतं. तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, एका कोटाला बटणं काढली, डबा खाल्ला. चव लागली नाही तरी डबा संपवला. पुढचं सगळं वर्ष तसंच गेलं.

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले, तेव्हा मुलगी मनिषा फोनवर म्हणाली, "दादा, साऱ्या जगाच्या बाया भितीवर चढवल्या तुमी. आईचा बी फोटो रंगवा की." वत्सलाचा फोटो घरात एकच, आधार कार्डावरचा, काळपट, कुणाचाही वाटावा असा. शहादेवनं तो मास्तरांपुढं ठेवला.

मास्तर माणूस भला. पैशाचं नाव काढलं नाही. शहादेवनं ओळीतलं एक अंग आणलं, मास्तरांनी दोन दिवस बसून त्यावर चेहरा चढवला. गोरा, भरल्या गालांचा. मग गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "बघ रे, ह्याच हायत न्हवं?"

चित्रात कुणी खात्यापित्या घरची बाई होती. पण मास्तरांच्या चेहऱ्याबद्दल बोलायचं नाही, ही जुनी सवय. शहादेवच्या तोंडून गेलं, "व्हय मास्तर. त्याच हायत."

श्राद्धाच्या आदल्या सकाळी तो चित्र घेऊन शिरूरला पोचला. चेहऱ्याचा रंग अजून ओला होता. मनिषानं वरचं फडकं काढलं आणि बघतच राहिली.

"दादा, ही बाई कोण हाय?"

"तुझी आई."

"आमची आई अशी व्हती? अन् ह्या पाटल्या कवा केल्या तुमी तिला?"

चेहरा आपणच सुधारावा म्हणून शहादेवनं ब्रश घेतला, डोळे मिटले. वत्सला काही दिसेना. भुवया कशा होत्या? हनुवटी? तोंडं काढणं हे दुसऱ्याचं काम, म्हणून जन्मभर त्यानं बायकोच्याही तोंडाकडं नीट पाहिलं नव्हतं. हात तेवढे रेघन् रेघ पाठ. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि मास्तरांचा चेहरा पुसून टाकला. हात सावळे केले. पाटल्या रंगाखाली घालवून काचेच्या चार बांगड्या काढल्या. डाव्या अंगठ्यावर एक आडवी खूण काढली. लग्नाआधी ऊस तोडताना कोयता लागला होता, त्याची. इतक्या वर्षांत ती त्यानं एकाही चित्रात घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाला मास्तर बीडहून आले. भिंतीवर टांगलेलं चित्र पाहून त्यांचा आवाज चढला. "तोंड काहून पुसलंस बे? असलं अर्धवट काम दुकानाच्या नावावर न्हाई चालायचं."

"दुकानाचं नाव नगं, मास्तर," शहादेव म्हणाला. "मला कामावर ठेवायचं का न्हाई, ते बी तुमीच ठरवा."

जमलेल्या बायांमधून बायनाबाई पुढं आली. ही वत्सलाबरोबर एकाच टोळीत ऊस तोडलेली. वरच्या कोऱ्या जागेकडं तिनं पाहिलंही नाही. अंगठ्यावरच्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "वत्सले, लई रगत गेलतं गं तवा. माझ्याच पदराची चिंधी बांधलती तुला."

शहादेव लेकरासारखा रडायला लागला. बायको मेली, हे त्याला वर्षानं कळलं.